खुंटीवरचं जॅकेट

दारामागच्या खुंटीला कोट अडकवायला गेलो तर हात शेजारच्या जुन्या जॅकेटच्या बाहीत गेला, आणि बाही आतून गरम लागली. गरम म्हणजे चांगली गरम, नुकत्याच उठलेल्या माणसाच्या अंथरुणासारखी. मी चटका बसल्यासारखा हात काढला आणि पुन्हा घातला. जॅकेट माझंच. कोल्ड स्टोरेजमधलं, गुडघ्यापर्यंत येणारं, गादीसारखं शिवलेलं, मोठ्या दातांची पितळी चेन असलेलं. चेन ओढली की असा करकर आवाज होतो की चेंबरच्या त्या टोकाला उभ्या असलेल्या माणसालाही कळतं, कुणीतरी आत आलं. कामावर नवं मिळालं तेव्हा हे घरी आणून टाकलं, कधी माळ्यावर चढताना लागेल म्हणून. कोपरावर फाटलंय, एक खिसा लोंबतोय. ते कुणी घालायचं काही कारणच नाही. ही सकाळीच दवाखान्यात ड्यूटीवर गेलेली, मी आत्ता येतोय. घरात आई एकटी, आणि आई तर दिवसभर तिच्या खोलीत हीटरशेजारी खुर्ची ओढून बसते. निदान मी तसं धरून चाललो होतो.

गारठा आणि ऊब ओळखण्यावर माझं पोट आहे. चेंबरच्या दारावरून नुसता तळहात फिरवला तरी रबर कुठे ढिलं झालंय ते मी सांगतो. नवी पोरं मीटर आणायला धावतात तोवर माझं बोट भेगेवर असतं. यंत्राची ऊब एका बाजूने येते आणि कापड वरवर तापवते. ही तशी नव्हती. ही काखेत होती, बाहीच्या घड्यांत होती, पाठीच्या अस्तरात मुरलेली होती. आणि ओळखीची होती, हेच मला सहन होईना. लहानपणी आम्ही राहायचो त्या दोन खोल्यांत थंडीच्या दिवसांत पहाटे भांड्यातल्या पाण्यालाही हात लावायची हिंमत व्हायची नाही. तेव्हा आई माझा शाळेचा सदरा आणि स्वेटर स्वतःच्या पांघरुणात घेऊन झोपायची, पोटाशी धरून. सकाळी ती मला उठवायची आणि सदरा थेट पांघरुणातून काढून माझ्या डोक्यात घालायची. थंडीने कुडकुडायची वेळच यायची नाही. चुरगळलेला असायचा तो, बाईंनी एकदा विचारलंही, तुझ्या घरी इस्त्री नाही का रे. आहे, म्हणालो. पण तो सदरा कसा लागायचा ते मला आत्ता, केस पांढरे झाल्यावर, दारामागे उभं राहून, एका फाटक्या बाहीत कोपरापर्यंत हात घालून आठवत होतं. आणि आठवण छान वगैरे काही वाटत नव्हती. तळपायाची आग मस्तकात चालली होती.

आईच्या खोलीत गेलो तर ती हीटरपाशी वाकलेली. पाठ माझ्याकडे, एक हात खिडकीच्या कठड्यावर, दुसरा हीटरच्या बटणावर. माझी चाहूल लागली तशी सरळ झाली. "अगंबाई, आज लवकर?" असं म्हणून तिने खिडकीबाहेर पाहिलं. का पाहिलं ते मला तेव्हा कळलं नाही, मग रस्त्यावरून शाळेची पिवळी बस गेली आणि कळलं. रोज ती बस जाते आणि तिच्यामागून थोड्या वेळाने मी येतो. बस हे आईचं घड्याळ होतं. बस गेली की हीटर चालू, मी येईपर्यंत खोली जरा कोमट. आज मी बसच्या आधी टपकलो. मी हीटरच्या पत्र्यावर तळहात ठेवला. थंडगार. चेंबरच्या दारासारखा. "आत्ताच बंद केला होता रे," आई म्हणाली, "फार उकडायला लागलं." उकडायला लागलं! नाकाचा शेंडा लाल, बोटांची नखं जांभळट, आणि बाईंना उकडतंय. मी तोंड उघडलं, पण तेवढ्यात तीच म्हणाली, "ते लोक येतील ना आता? तोंड धुऊन घे, दमल्यासारखा दिसतोस." ते लोक. त्यांच्यासाठीच तर मी सुपरवायझरच्या हातापाया पडून लवकर निघालो होतो. माझं घर बघायला येणार होते ते. आदर्श घर!

मागच्या थंडीतली गोष्ट. रविवारची सकाळ, आम्ही तिघं चहा घेत बसलेलो आणि मी विजेचं बिल उघडलं. आकडा सांगत नाही, सांगून तो कमी होत नाही. दर महिन्याला वीजवाले तो वाढवतच चालले होते, पण त्या दिवशी मला वाटलं की छापणाऱ्याच्या हातून एक शून्य जास्त पडलंय. माझा आवाज चढला. आमचं घर हे असं, आजोबांच्या काळातलं बांधकाम, दुहेरी भिंत आणि मधे चार बोटांची पोकळी. लाकडी खिडक्या, त्यांच्या फटींतून वारा आत येऊन पडद्याला झोके देतो. मी वीज कंपनीला शिव्या घातल्या, घर बांधणाऱ्याला घातल्या, ज्यांना मरून जमाना झाला त्या सुतारांना घातल्या. दिवसभर कोल्ड स्टोरेजमध्ये थंडी आत कोंडून ठेवायची, एवढीशी बाहेर गेली तर बोलणी खायची, आणि घरी येऊन त्याच थंडीला बाहेर ढकलायचं. माझा जन्म यातच जाणार आहे का, असं काहीबाही बोललो. आणि बोलता बोलता म्हणालो, "मी कामावर, ही कामावर. घरात दिवसभर बसतं कोण? कोणासाठी जळतात एवढे हीटर?" खरं सांगतो, मी भिंतींना विचारत होतो. हिने मला टेबलाखालून पाय मारला. मी म्हटलं, पाय काय मारतेस, खरंच विचारतोय. आईने आपला कप उचलला, मोरीत नेऊन विसळला आणि तिच्या खोलीत गेली. मला वाटलं, चहा संपला म्हणून गेली.

मग मी हात धुऊन त्या घराच्या मागे लागलो. खिडक्यांच्या चौकटींना रबरी पट्ट्या, आमच्या चेंबरला लावतात तशा. दारांच्या खाली ब्रशाच्या पट्ट्या. माळ्यावर ग्लासवूलचे, काचेच्या लोकरीचे, गठ्ठे अंथरले. आठवडाभर अंगाला खाज सुटली, कोपरापासून मानेपर्यंत, आणि ही म्हणायची, अहो, दुसऱ्या खोलीत झोपा. भिंतीतली पोकळी भरायचं काम माझ्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून एका फोमवाल्याला बोलावलं. गोडबोल्या माणूस. तो एक कॅमेरा घेऊन आला. त्यात घर निळं, जांभळं, पिवळं दिसतं. जिथून ऊब गळते तिथे पिवळं. आमच्या खोल्या तो दाखवत चालला आणि आईची खोली आली तेव्हा पडद्यावर सगळं निळं आणि मधोमध एक लालभडक आकृती, खुर्चीत बसलेली. आई पडद्यावर स्वतःलाच बघून हसली, "मीच आहे का ती? अगदी पेटलेय की!" फोमवाला म्हणाला, "आजी, या घरातला सगळ्यात चांगला हीटर तुम्हीच." आम्ही सगळे हसलो. त्या हसण्याचा आवाज मला आता आठवतो तेव्हा कानात बोटं घालावीशी वाटतात.

त्यानंतर फोमवाल्याने बाहेरून भिंतीला भोकं पाडली, नळी घालून फोम भरला, भोकं लिंपली. लिंपल्याचे ठिपके अजून दिसतात, देवी आल्यासारखे. आणि या थंडीत बिल उतरलं. उतरलं म्हणजे चक्क कोसळलं. मी पहिल्यांदा ते उलटून बघितलं, दुसऱ्याचं तर आलं नाही ना. पुढच्या महिन्यात पुन्हा तसंच. मला पंख फुटायचे बाकी होते. कामावर मी डबा खाताना रोज त्याच गोष्टी सांगायचो. पट्टी कुठली घ्यायची, कुठून सुरुवात करायची, लोक चुकतात कुठे. लोक मला टाळायला लागले, इतका मी सांगायचो. फोमवाला म्हणाला, साहेब, तुमच्याइतका फरक मी कुणाकडे पाहिला नाही, गिऱ्हाइकांना आणून दाखवू का? मी म्हटलं, जरूर. घरी आईला सांगितलं तर म्हणाली, "तुझ्या हाताला यशच आहे." हिने एकदा, भाजी चिरताना, सहज म्हटलं होतं, "आईंचे हात हल्ली फार गार असतात हो." मी म्हटलं होतं, "वय झालंय." काय पण उत्तर! स्वतःला गारठ्यातला जाणकार म्हणवतो मी.

बेल वाजली. फोमवाला, आणि त्याच्याबरोबर एक जोडपं. नवरा बारीक अंगाचा, शाळेत शिक्षक आहे म्हणाला. बायकोचे दिवस भरत आलेले, जिना नाही ना, असं तिने दारातच विचारलं. त्यांचं घर आमच्यासारखंच जुनं, तिच्या माहेरचं. बाळ यायच्या आत उबदार करून घ्यायचं आहे, म्हणून लग्नात मिळालेलं होतं नव्हतं ते त्यांनी बाजूला काढलंय, असं तीच सांगत होती, धाप लागत लागत. मी त्यांना खिडक्या दाखवल्या. पट्ट्या दाखवल्या. माळ्याकडे बोट केलं. माझं तोंड आपलं आपण चाललं होतं, इतक्यांदा सांगितलेलं की त्याला माझी गरजच उरली नव्हती. आणि मी आत कुठेतरी नुसता आईवर संतापलेलो. होय, आधी संतापच आला, ते लपवण्यात अर्थ नाही. सबंध थंडीभर मी जे मोजलं, जुळवलं, चार लोकांना शिकवलं, त्यात आईने हात घालून ठेवला होता. आमच्याकडे कुणी असं चेंबरचं तापमान परस्पर खालीवर केलं तर त्याला त्या दिवशी घरी पाठवतात. आता फोममुळे किती वाचलं, पट्ट्यांमुळे किती आणि आईच्या कुडकुडण्यामुळे किती, हे मला या जन्मात कळणार नाही. हा विचार मी करत होतो, आणि आई माझ्याशेजारी उभी राहून दोन्ही हात पदराखाली दडवून पाहुण्यांकडे बघून हसत होती.

फोमवाल्याने आईच्या खोलीत कॅमेरा धरला. "बघा," म्हणाला, आणि मग जरा थांबला. भिंती निळ्या. हीटरच्या जागी नुकताच उमटायला लागलेला फिकट पिवळा डाग. खुर्चीच्या पाठीवर, जॅकेटची गादी टेकली असेल तिथे, एक अंधूक नारिंगी धग विरत चाललेली. "आत्ताच चालू केलाय वाटतं," तो पुटपुटला. शिक्षकाला काही कळलं नाही. त्याची बायको मात्र पडद्याकडे नाही, आईकडे बघत होती. "आजी, खरंच पडतो का हो फरक? दिवसभर घरात तुम्हीच असता ना, तुम्हीच सांगा." आणि आई म्हणाली, "पडतो म्हणजे काय! मला तर दुपारी जॅकेटसुद्धा लागत नाही."

जॅकेटचं नाव कुणी काढलं होतं? कुणीच नाही. खोटं बोलायची सवय नसली की माणूस नेमकं लपवायचं तेच बोलतो. मला तिचा असा राग आला, आणि अशी दया आली, आणि ती पोटुशी पोरगी अशी भाबडेपणाने मान डोलवायला लागली, की माझ्या तोंडून निघून गेलं, "खोटंय ते. बिल माझ्या फोमने नाही उतरवलं. आईने उतरवलं. मी घराबाहेर पडलो की ती हीटर बंद करते आणि माझं जुनं जॅकेट घालून बसते." फोमवाला लगेच म्हणाला, "साहेब, असं कसं, फरक तर पडतोच, तुम्ही असं काय..." मी म्हटलं, "पडत असेल. पण किती ते मला माहीत नाही, आणि आता तुम्हालाही माहीत नाही. यांना सांगायचं तर तेवढं सांगा." हीटर चालू असला की टिकटिक करतो, तो तेवढा करत होता. मग ती पोरगी हळूच आईला म्हणाली, "मग दुपारभर काय करता?" आई तिच्याकडे न बघता म्हणाली, "बसते. आणखी काय करायचं?"

ते गेले. फोमवाला जाताना माझ्याशी हात मिळवायला विसरला. शिक्षकाने मात्र दारातून परत येऊन रबरी पट्टी कुठल्या दुकानातून आणली ते विचारून घेतलं. तेवढी तरी लावून बघतो, म्हणाला. मी दार लावलं, वळलो, तर आई मागेच उभी. इतकी चिडलेली मी तिला बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. "परक्या लोकांसमोर माझी शोभा केलीस," ती म्हणाली. "तुझंच चांगलं सांगत होते ना मी? तुझ्या कष्टाचं कौतुक करायला आले होते ते लोक. मेलं, एवढं खोटं बोलले तुझ्यासाठी, तर तू मला तोंडघशी पाडलंस." मी म्हटलं, "पण तुला सांगितलं कुणी होतं हे उद्योग करायला? थंडीने आखडून पडली असतीस एखाद्या दुपारी तर? मी कुणाला तोंड दाखवलं असतं?" ती म्हणाली, "तूच सांगितलंस." मी म्हटलं, "मी? कधी?" "घरात दिवसभर बसतं कोण, असं विचारलं होतंस. मी बसते." एवढंच. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नाही. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला तिला सवड मिळाली नव्हती, ते तिने आत्ता देऊन टाकलं.

मला काहीतरी बोलायचं होतं. मी भिंतींना विचारत होतो, आई. हे मनात आलं आणि ते किती पोकळ आहे हे तोंडात यायच्या आधीच कळलं. तेव्हा मला जे येतं तेच मी केलं. हत्यारांच्या डब्यातून जाड चिकटपट्टी आणली, जिने आम्ही चेंबरचे पाईप गुंडाळतो ती. आईच्या हीटरचं बटण मधोमध आणलं आणि त्यावरून पट्टी गुंडाळायला सुरुवात केली. एक वेढा, दुसरा, तिसरा. दातांनी तोडून दाबून बसवली. "आता हे हलायचं नाही," म्हटलं. "दिवसभर चालू राहील. बिल येऊ दे काय यायचं ते." आई खुर्चीत बसून बघत होती. "हाताने सोडवता येत नाही असं वाटतं का तुला?" म्हणाली. मी तिच्याकडे रागाने बघितलं. "गंमत केली रे," ती म्हणाली, "नाही सोडवणार. इतका काय चिडतोस?" संध्याकाळी ही आली तेव्हा मी तिला काही सांगितलं नाही. तिने बटणाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आईच्या हातांना तेल चोळायला बसली. ती सगळं ओळखून होती की काय, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर माझं लक्ष लागेना. कुणीतरी नेहमीप्रमाणे विचारलं, काय, कालचे पाहुणे खूश झाले का? मी म्हटलं, झाले. दुपारी माल लावून झाला, पोरं जेवायला गेली आणि मी आत चेंबरमध्येच थांबलो. तिथून फोन लावला. श्वासाची वाफ होत होती. बराच वेळ घंटा वाजली. मग आईचा आवाज, "काय रे, बरा आहेस ना?" मी म्हटलं, "मी बरा आहे. हीटर चालू आहे का?" "आहे की." "चालू आहे ना नक्की?" "अरे, आहे म्हटलं ना. उकडतंय बाई इथे." मी फोन कानाला घट्ट लावला. तो हीटर टिकटिक करतो, ती खोलीतल्या फोनपर्यंत ऐकू यायला हवी. काही ऐकू येत नव्हतं. मी ओरडणार होतो. काय ओरडणार होतो तेही तयार होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "तू कुठेयस? आवाज घुमतोय. त्या फ्रीजमध्ये उभा आहेस ना? चेन लावलीयस का गळ्यापर्यंत?" मी म्हटलं, "लावतो." फोन खांद्याने धरून मी चेन वर ओढली, करकर आवाज झाला. मग तिकडूनही चेन ओढल्याचा आवाज आला.